चौथी बेल

प्रिय शहीरा,

सहा वर्षांनी तुझ्या नावाआधी ‘प्रिय’ लिहिलं आणि हात अडखळला नाही, याचं माझं मलाच नवल वाटलं. खरं सांगायचं तर हा कागद मी वॉर्ड ऑफिसच्या अर्जासाठी घेतला होता. सकाळपासून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आहे. ‘सन्माननीय अधिकारी महोदय’ असं तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. एवढी वर्षं मुलींना भूगोल शिकवला, नाईलच्या उगमापासून मुखापर्यंत एका दमात बोलायचे, आणि आता आपल्याच गल्लीतल्या गाड्यांबद्दल दीड पान लिहिताना घाम फुटतो आहे. अर्जात एक वाक्य यायचं आहे आणि ते माझ्या हातून उतरत नाही. म्हणून आधी तुला लिहिते. दोन मजले वर पत्र पाठवणारी मी अख्ख्या मनियल मोहल्ल्यातली पहिलीच बाई असेन. हसायचं असेल तर हस, मला चालेल.

फायकसच्या झाडाला ती नोटीस लागली त्या दिवशी तू घरी नव्हतीस, म्हणून सांगते. ब्रिगेडियर शुकरींनी ती चष्मा लावून, परेडला उभं असल्यासारखी मोठ्याने वाचली. गल्लीत दोन्ही बाजूंना पांढरे चौकोन आखणार, चौकोनाला नंबर, एका घराला एकच चौकोन. दुसरी रांग पूर्ण बंद. जागा धरून ठेवायला मांडलेल्या खुर्च्या, दगड, सिमेंट भरलेले डबे उचलून नेणार. परवाना नसलेल्या माणसाने दुसऱ्यांच्या गाड्या लावून द्यायच्या नाहीत. शेवटची दोन वाक्यं येईपर्यंत ब्रिगेडियरसाहेब प्रत्येक कलमाला मान डोलवत होते, ‘शिस्त, शिस्त पाहिजे’ म्हणत होते. मग त्यांच्या लक्षात आलं की सिमेंट भरलेला तुपाचा डबा म्हणजे त्यांचाच, गेली बारा वर्षं दाराशी मांडलेला, वर लोखंडी नळी खोचलेला. तिथे त्यांचा आवाज बसला. सातवं कलम त्यांनी जरा थांबून वाचलं: उभ्या केलेल्या प्रत्येक गाडीचा हँडब्रेक ओढलेला असलाच पाहिजे. वाचून झाल्यावर त्यांनी वर माझ्या बाल्कनीकडे पाहिलं. मी पुदिन्याला पाणी घालत होते. तांब्या तसाच ठेवून आत गेले.

मंगळवारच्या सभेला तू होतीसच, पण तू पुढे बसली होतीस आणि मी अगदी मागे, दाराशी. मागून सभा वेगळी दिसते. ती वॉर्डातली इंजिनीअर मुलगी, मारवा, भली आहे. नकाशा उलगडून तिने नम्रपणे सांगितलं की आपल्या गल्लीत एक्केचाळीस चौकोन बसतात. मग खिडकीतून बाहेर पाहिलं आणि मोजायला लागली. एकसष्ट, बासष्ट, सत्तर, त्र्याहत्तर. बिचारी गोंधळलीच. “एवढ्या गाड्या बसवता कशा?” तर गल्लीतल्या गाड्या लावणारा आपला बेशंदीकाका उठून उभा राहिला, टोपी काढून म्हणतो, “पोरी, चौकोनात नाही बसत. मायेनं बसवायच्या.” केवढे हसले सगळे! मग त्याने तिला समजावलं. दातांचे डॉक्टर सहाला निघतात म्हणून त्यांची गाडी बाहेरच्या रांगेत. नर्सबाई रात्रपाळीहून नऊला येतात, त्यांच्यासाठी डॉक्टरांचीच जागा. बाहेरच्या रांगेतली प्रत्येक गाडी न्यूट्रलमध्ये, ब्रेक मोकळा. आतल्याला निघायचं असलं की दोन बोटांनी ढकलायची, वाट करायची, परत ढकलायची. किल्ली मागायची नाही, बेल वाजवायची नाही. मारवा म्हणाली, “पण काका, गाडी घरंगळली तर?” त्यावर कोपऱ्यावरचा वाणी ओरडला, “घरंगळत नाही हो कधी. उलट एकदा हललीच नव्हती! विचारा आमच्या इनायतबाईंना!”

सगळे पुन्हा हसले. वाण्याचं काय, त्याला ना तोंडाला कुलूप ना दुकानाला. मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले. माझ्या त्या ब्रेकचा विनोद गेली सहा वर्षं गल्लीत फिरतो आहे. मला त्याची सवय झाली आहे, असं मी मला सांगते. आणि तेवढ्यात तू उभी राहिलीस.

तू काय बोललीस ते मला पाठ आहे. “इनायत त्या दिवशी विसरली होती. माणूस विसरतं. मी तिला नाही नाही ते बोलले, जिन्यात, सगळ्यांच्या देखत. म्हणून आज सगळ्यांच्या देखत माझे शब्द मागे घेते.” एवढं म्हणून तू पदर सावरावा तसा डोक्यावरचा रुमाल सावरलास आणि खाली बसलीस. मागे वळून पाहिलं नाहीस. वाण्याची बायको डोळे पुसत होती. बेशंदीकाका माझ्याकडे पाहून मान हलवत होता, की जा, आता तरी जा. ब्रिगेडियरसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. मी उठले, आणि लोकांना वाटलं मी तुझ्याकडे येते आहे. मी बाहेर पडले, शहीरा. घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून बसले. सभा नंतर कशी संपली, ते मला दुसऱ्या दिवशी बेशंदीकाकाने सांगितलं: मारवा सूचना घ्यायला तयार आहे, पुढच्या गुरुवारपर्यंत गल्लीने एकत्र अर्ज द्यायचा, चौकोन आखू द्यायचे, पण बाहेरची रांग रहिवाशांसाठी राहू द्यावी आणि बेशंदीकाकाला परवाना, बिल्ला द्यावा असं मागायचं. आणि अर्ज कोण लिहिणार? तर इनायतबाई, त्यांचं अक्षर सुंदर.

काका बिल्ल्याच्या कल्पनेने इतका खूश आहे की काय सांगू. काल मला म्हणाला, “बाई, निळं जॅकेट देतात म्हणे. गावाकडे बायको ओळखायची नाही मला.” एकोणतीस वर्षं तो आपल्या गल्लीत उभा आहे. अर्ज नीट झाला नाही, तर पुढच्या महिन्यापासून त्याला इथे उभं राहायला मनाई. तेव्हा अर्ज लिहायला हवा, हे मला कळतं आहे. पण मुद्द्यावर यायच्या आधी जरा मागे जाऊ दे.

तुला आठवतं, आम्ही कुवेतहून परत आलो तेव्हा तुझा हातिम पाच वर्षांचा होता? सामानाचे खोके अजून उघडलेले नव्हते आणि तो एका खोक्यावर बसून मला म्हणाला, “तुमच्याकडे नकाशा आहे म्हणे.” त्या दिवसापासून त्याच्या शाळेच्या दप्तराला माझ्या दाराशी एक खिळा होता. तू शिलाईच्या मशीनवर बसलेली असायचीस, आणि तो माझ्या टेबलाशी, डोंगर तपकिरी आणि समुद्र निळा रंगवत. माझे फहमी त्याला खांद्यावर घेऊन नदीकाठी फिरवायचे. मुलूखियाच्या पालेभाजीचं भांडं तुझ्या घरचं की माझ्या घरचं, हे आपल्याला कधी कळलं नाही. फहमी गेले तेव्हा चाळीस दिवस तू माझ्या सोफ्यावर झोपलीस. दोराला बांधलेली तुझी टोपली सकाळी पाव घ्यायला खाली यायची, तेव्हा माझ्या बाल्कनीपाशी क्षणभर थांबवायचीस आणि वरून विचारायचीस, “इनायत, काही टाकू का?” कधी लिंबू, कधी हातिमचा गणिताचा पेपर. टोपली अजून रोज माझ्यासमोरून खाली जाते आणि वर जाते. सहा वर्षांत ती एकदाही थांबलेली नाही. मी मात्र रोज आठला त्या बाल्कनीत असते. पुदिन्याला इतकं पाणी लागत नाही.

आणि तो शुक्रवार. गल्लीला जो ठाऊक आहे तो असा: हातिमचं कॅनडाचं विमान दुपारचं. तो दहालाच मित्रांबरोबर सामान घेऊन पुढे गेला. तू हातिमच्या आजीबाईंना तयार करून मागून निघणार होतीस. खाली आलीस, तर तुझ्या गाडीपुढे माझी हिरवी फियाट आडवी, आणि ब्रेक ओढलेला. बेशंदीकाकाने ढकलली, वाण्याने ढकलली, मग चौघांनी मागचा भाग उचलून उचलून सरकवायचा प्रयत्न केला, ब्रिगेडियरसाहेब पायजम्यात उभे राहून हुकूम देत होते. तू वर आलीस, माझी बेल वाजवलीस, मी घरी नव्हते. शेवटी आजीबाईंना घरीच ठेवून टॅक्सीने गेलीस. शुक्रवारच्या नमाजाची गर्दी. पोहोचलीस तेव्हा काचेच्या पलीकडे त्याची पाठ तेवढी दिसली. दुपारी मी बहिणीकडून परत आले, हातात पेरूंची पिशवी, आणि जिन्यात तू समोर. तू म्हणालीस, “तू मुद्दाम केलंस.” मी फहमींची शपथ घेऊन म्हणाले, की नाही, कुवेतची सवय, तिथे ब्रेक ओढतात, हात आपोआप गेला. सगळ्या जिन्याने माझी बाजू घेतली. बिचारी विधवा बाई, एकटी, विसरली, आणि शहीरा काय वाटेल ते बोलते. तेव्हापासून तू गल्लीत कमी बोलायला लागलीस. लोक तुला तुसडी म्हणतात, हे तुझ्या कानावर आलं असेल. मी कोणाला अडवलं नाही.

तरी ईदला तुझ्या हातची ईदची बिस्किटं, कहक, माझ्याकडे यायची, बेशंदीकाकाच्या हाती. ताटली रिकामी परत करायची नाही, हे आपण दोघी शाळेत एकाच बाकावर शिकलो. म्हणून मी त्यात खजूर घालायचे, तू पुढच्या वेळी साखरेतली संत्र्याची सालं. बारा ईद झाल्या. ती निळ्या काठाची ताटली मूळची कोणाची, हे आता मलाही सांगता येणार नाही.

आता जे गल्लीला ठाऊक नाही ते लिहिते. मला आदल्याच दिवशी कळलं होतं. बेशंदीकाका काच पुसताना सहज बोलून गेला, की उद्या मादाम शहीरांची गाडी साडेदहाला काढायची आहे, हातिम परदेशी चालला, आणि मग जीभ चावली. “अरे देवा. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या होत्या.” मी विचारलं, कोणालाच सांगू नका म्हणाल्या, की मला? तो भला माणूस, खोटं बोलता येत नाही. बादली उचलून निघून गेला. व्हिसा मिळून तीन महिने झाले होते, हे मला नंतर कळलं. तीन महिने हातिम माझ्या टेबलाशी येऊन चहा पीत होता आणि गप्प होता, कारण तू त्याला शपथ घातली होतीस. शहीरा, दृष्ट लागू नये म्हणून लोक सोयरीक लपवतात, नोकरी लपवतात, मला ते समजतं. मीही लपवते. पण माझ्यापासून? मूलबाळ नसलेल्या बाईची नजर वाईट, हे मी सासरी ऐकलं, कुवेतमध्ये ऐकलं, दवाखान्यांच्या बाकांवर ऐकलं. तुझ्या घरात ते ऐकायला मिळेल असं मला कधी वाटलं नव्हतं. ज्या मुलाला मी उत्तर आणि दक्षिण शिकवली, त्याला माझीच नजर लागेल म्हणून तो मला न भेटता जाणार. मला इतका राग कधीच आला नव्हता. राग म्हणते, पण खरं म्हणजे मी दुपारभर रडत होते.

त्या संध्याकाळी मी गाडी काढली, पुलापर्यंत जाऊन परत आले आणि तुझ्या गाडीपुढे लावली. काका नमाजाला गेला होता. न्यूट्रलमध्ये टाकली. मग ब्रेक ओढला. कुवेतची सवय केव्हाच सुटली होती, शहीरा. मी विचार करून ओढला. मला तुला थांबवायचं नव्हतं. तुला फक्त माझं दार वाजवावं लागावं, ‘इनायत, गाडी काढ, हातिम चालला’ असं माझ्या तोंडावर म्हणावं लागावं, एवढंच मला हवं होतं. मी गाडीची किल्ली घेऊन खाली येणार होते, तुम्हाला वाट करून देणार होते, आणि जमलं तर मागच्या सीटवर बसून येणारही होते. चांगले कपडे घालून बसले होते.

मी घरी होते. तू पहिली बेल वाजवलीस तेव्हा सोफ्यावर होते, किल्ली मुठीत. वाटलं, थांबू दे जरा. दुसरीला वाटलं, कळू दे तिला, दाराबाहेर ठेवलं की कसं वाटतं. तिसरीला उठले. दाराशी आले, भोकाला डोळा लावला. ज्या नजरेची तुला भीती होती, तीच नजर. तू निळा कोट घातला होतास, हातात त्याच्यासाठी कहकचा पत्र्याचा डबा होता, आणि तुझे ओठ हलत होते, तू काहीतरी म्हणत होतीस. मी कडीवर हात ठेवला आणि मनात म्हटलं, चौथीला उघडते. एकच आणखी. मग तू वळलीस. तुझी पावलं खालच्या मजल्यावर गेली तरी मी कडी धरून उभी होते, चौथ्या बेलची वाट बघत. मग मागच्या लोखंडी जिन्याने उतरले, बाजारात पेरू घेतले, दोन तास नदीकाठी बसले आणि पुढच्या दाराने आले. बहिणीकडे मी गेलेच नव्हते. ते पेरू ओट्यावरच सडले.

सहा वर्षं मी स्वतःला सांगत आले, की चूक दोघींची. तू लपवलंस, मी अडवलं, फिटंफाट. तू माझ्यावर रागावलेली होतीस तोवर ते चालूनही गेलं. पण मंगळवारी तू सगळ्यांसमोर उभी राहिलीस आणि जे शब्द खरे होते तेच मागे घेतलेस. ते मला नाही सहन होत. तू चुकली नव्हतीस. त्या जिन्यात खरं बोलणारी तू एकटीच होतीस.

म्हणून हे पत्र. ब्रिगेडियरसाहेबांनी अर्जासाठी एक वाक्य मला तोंडी सांगितलं आहे, ते असं: ‘आमच्या गल्लीत गाड्या एकमेकांच्या भरवशावर मोकळ्या सोडल्या जातात आणि आजवर कोणीही जाणूनबुजून कोणाची वाट अडवलेली नाही.’ यातच माझा हात थांबतो. गुरुवारी सही करायच्या आधी मी अर्ज सगळ्यांना वाचून दाखवणार आहे, आणि त्या वाक्यात ‘एकदा सोडून’ एवढं घालणार आहे. कोणी विचारलं, तर कोणी आणि का, ते उभं राहून सांगेन. फक्त त्यांच्या आधी ते तुला कळायला हवं, आणि माझ्याकडून कळायला हवं. आज उजाडताच मी खाली गेले होते, तेव्हा बेशंदीकाका काच पुसता पुसता म्हणाला, की हातिम पुढच्या शुक्रवारी येतो आहे, बायको आणि छोटी मुलगी घेऊन. मी म्हटलं, काका, मला सांगू नका म्हणाल्या असतील ना? तर म्हणतो, “नाही बाई. या वेळी म्हणाल्या, इनायतला पहिलं सांग.” ते ऐकून मी तिथेच फुटपाथवर बसले, त्याला वाटलं मला चक्कर आली. शहीरा, उद्या आठला तुझी टोपली वर जाताना मी हात घालून थांबवेन आणि हे पत्र पावांवर ठेवेन. दोर जड लागला तर घाबरू नकोस. माझी फियाट तुझ्या गाडीपुढेच आहे, न्यूट्रलमध्ये, ब्रेक मोकळा, बेशंदीकाकाने तपासून पाहिला आहे. तिला हलवायला तुला माझी गरज नाही. तरीही कधी खाली यावंसं वाटलं, रागवायला असो, शुक्रवारी मागच्या सीटवर जागा आहे हे सांगायला असो, तर एकच बेल वाजव. मी पहिलीलाच उघडते.

तुझीच,
इनायत